विश्लेषण : भिगवणला रोहित पाहायला नेमके कधी जावे? तारखेआधी धरणाची पातळी का पाहावी?

दिवाळीची सुटी जवळ आली की समाजमाध्यमांवर भिगवणची छायाचित्रे फिरू लागतात. निळे पाणी आणि त्यावरून जाणारी गुलाबी पंखांची लांबच लांब रांग. ती पाहून पुण्या-मुंबईची कुटुंबे शनिवारी पहाटे सोलापूर महामार्गाला लागतात, कुंभारगावला पोहोचून होडीत बसतात आणि समोरचे अथांग पाणी पाहून विचारतात, ‘‘फ्लेमिंगो कुठे आहेत?’’ नावाडी सांगतो, ‘‘अजून पाणी उतरलं नाही.’’ यात चूक पक्ष्यांची नसते आणि नावाड्याचीही नसते. छायाचित्र बहुधा फेब्रुवारी-मार्चमधले असते आणि सहल नोव्हेंबरमधली. जंगलातल्या पक्ष्यांसाठी ऋतू पाहून निघाले तरी बहुतेक वेळा भागते, धरणावरच्या पक्ष्यांसाठी मात्र ऋतूबरोबर पाणीही पाहावे लागते.

भिगवणला पक्षी का येतात?

भिगवण हे पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवरचे इंदापूर तालुक्यातले गाव. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला. या जलाशयाचे नाव यशवंतसागर. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली, तरी भिगवण, कुंभारगाव, डिकसळ हा भाग फुगवट्याच्या वरच्या टोकाला येतो. येथे काठ सपाट आहे. पाणी हातभर उतरले तरी मैलभर चिखल उघडा पडतो. नदीने वर्षानुवर्षे आणलेला गाळ, त्यातले किडे, शिंपले, शेवाळ आणि बारीक मासे हे पक्ष्यांचे ताट.

या ताटावर जेवायला येणाऱ्यांची यादी मोठी आहे. लडाख, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब, केशरी अंगाचा चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक, चिखलात चोच खुपसत फिरणारे तुतवार. यांच्यासोबत इथलेच चित्रबलाक, चमचे, शेकाटे, नदी सुरय आणि बगळे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हा त्यातला फक्त एक, पण गर्दी त्याच्यासाठी होते.

पाणी जास्त असले की रोहित का दिसत नाहीत?

रोहित पोहू शकतो, पण त्याचे जेवण उभ्याने होते. तो मान खाली घालून चोच उलटी करतो, चिखलमिश्रित पाणी आत घेतो आणि जिभेच्या साहाय्याने ते चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर ढकलतो. अन्न आत राहते. यासाठी पाय तळाला टेकले पाहिजेत. उजनीवर येणारा मोठा रोहित उंच असतो, तरीही त्याला गुडघाभर, फार तर मांडीभर पाणी लागते.

धरण काठोकाठ भरलेले असते तेव्हा असे उथळ पाणी उरतच नाही. जिथे पक्षी उभे राहायचे ती जमीन खोल पाण्याखाली जाते आणि पाण्याची कड शेतातल्या उसाला किंवा बाभळींना जाऊन भिडते. मग रब्बीची आवर्तने सुटतात, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते, बाष्पीभवन होते आणि काठ उघडा पडू लागतो. रोहित त्या ओल्या कडेच्या मागोमाग सरकतात. त्याच कडेवर शेतकरी गाळपेर करतात, मच्छीमार जाळी लावतात. म्हणजे एकाच पट्ट्यावर तिघांचा डोळा असतो.

यात एक बोचणारी गोष्टही आहे. ज्या वर्षी उजनी लवकर आटते, ते वर्ष पक्षी पाहणाऱ्यांना लक्षात राहते आणि सोलापूरकरांना वेगळ्या कारणाने. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने धरण ६० टक्क्यांच्या आसपासच थांबले. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेले आणि उथळ पाण्याचे मोठे पट्टे तयार झाले. त्याच महिन्यांत लाभक्षेत्रातली उभी पिके पाण्यावाचून गेली. पुढच्याच पावसाळ्यात धरण पूर्ण भरले. म्हणून ‘गेल्या वर्षी जानेवारीत गेलो होतो, खूप दिसले’ या अनुभवावर यंदाची तारीख ठरवणे धोक्याचे.

उजनीची टक्केवारी कशी वाचायची?

जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोज जाहीर करतो. वृत्तपत्रांतही तो छापून येतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठ्यात मोडते आणि उरलेले सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठ्यात. टक्केवारी मोजली जाते ती फक्त उपयुक्त साठ्याची. त्यामुळे ‘उजनी शून्य टक्के’ असे वाचून धरण कोरडे पडले असे समजू नये. त्या दिवशीही धरणात ६३ टीएमसी पाणी असते. त्याखाली पातळी गेली की आकडा वजात जातो.

सहलीपुरता अर्थ साधा आहे. आकडा शंभरच्या आसपास असेल तर बदके, सुरय, पाणकावळे आणि काठावरच्या झाडांतले पक्षी यांची तयारी ठेवून जावे, रोहितांची आशा थोडी ठेवावी. आकडा निम्म्याच्या खाली सरकू लागला की नावाड्याला फोन करण्याची वेळ झाली. फोन करताना ‘फ्लेमिंगो आहेत का?’ असे विचारले तर उत्तर बहुतेकदा ‘आहेत, या’ असेच येते. त्याऐवजी ‘थवा कोणत्या बाजूला आहे, होडीने किती वेळ लागतो, तिथे पाणी किती आहे?’ हे विचारले की चित्र स्पष्ट होते.

परिसरातल्या लोकांकडे आकड्यापेक्षा जुनी खूण आहे. धरणात गेलेल्या पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाण्यात उभे आहे. पाणी उतरते तसे ते शिखराकडून खाली उघडे होत जाते. मंदिरापर्यंत चालत जाता येते असे कोणी सांगितले, की पाणी फारच खाली गेले असे समजावे.

कोणत्या महिन्यात काय?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुतवारांसारखे छोटे पाणपक्षी सर्वांत आधी उतरतात. नोव्हेंबरात बदके येऊ लागतात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पक्ष्यांची विविधता सर्वाधिक असते. पट्टकदंब पाहायचा तर हेच दिवस, कारण मार्चमध्ये तो परतीला लागतो. रोहितांसाठी साधारणपणे फेब्रुवारी-मार्च उत्तम आणि ते मेअखेरपर्यंतही रेंगाळतात. एकाच फेरीत दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात सोयीचा. चित्रबलाकांची वीण पाहायची तर भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावरची वसाहत प्रसिद्ध आहे. तिथे मात्र लांबूनच पाहावे. घरट्याखाली गर्दी झाली की मोठे पक्षी उठतात आणि पिल्ले उन्हात उघडी पडतात.

होडीत बसण्यापूर्वी काय ठरवावे?

वेळ पहाटेचीच. सूर्योदयाला होडीत असावे. वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असते आणि पक्षी चरत असतात. दहानंतर उन्हाची लाट डोळ्यांसमोर हलू लागते आणि मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यातूनही छायाचित्र धूसर येते. दुपारनंतर वारा सुटतो. त्यामुळे पुण्याहून पहाटे तीनला निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचणे शहाणपणाचे. कुंभारगाव परिसरात नावाड्यांच्याच घरी राहण्या-जेवणाची सोय होते. भिगवणची चिलापी खाण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करणारेही आहेत. (हा मासा मूळचा आफ्रिकेतला. उजनीत आता त्याचेच राज्य आहे, पण तो वेगळा विषय.)

जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, पट्टे बांधलेले, अशाच होडीत बसावे. सीटखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नसतो. उजनीचे पाणी शांत दिसते म्हणून ते सौम्य आहे असे नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती पर्यटकांची फेरी नव्हती, पण पाणी तेच आणि संध्याकाळचा वाराही तोच. उन्हाळ्यात आकाश भरून आले असेल तर पैसे गेले तरी फेरी सोडावी.

तिसरी गोष्ट अंतराची आणि ती होडी सुटण्याआधीच बोलून घ्यावी लागते. थवा उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून इंजिन चालू ठेवून होडी थेट पक्ष्यांवर नेण्याचा प्रकार येथे होतो. नावाड्याला ते आवडते असे नाही. आधीच्या गिऱ्हाईकाने तसा फोटो काढलेला असतो आणि पुढचे गिऱ्हाईक मोबाइलवर तोच दाखवून मागते. एका सकाळी दहा होड्यांनी असे केले तर थवा दहा वेळा उठतो. प्रत्येक उड्डाणात चरण्याचा वेळ जातो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी खर्ची पडते. मार्च महिन्यात पट्टकदंबाला हे परवडणारे नाही. चार-पाच दिवस सतत हाकलले गेलेले पक्षी दुसऱ्या तीरावर निघून जातात. मग नुकसान नावाड्याचेच, कारण तेवढे डिझेल जास्त जळते.

भिगवणच्या फलकांवर ‘पक्षी अभयारण्य’ असे लिहिलेले आढळत असले, तरी हा जलाशय अधिसूचित अभयारण्य नाही. वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांना लागू आहेच, पण होडीने किती अंतर ठेवावे हे पाहायला पाण्यावर कोणी उभे नसते. नियम होडीतल्या माणसांनीच पाळायचे. ‘इंजिन लांबच बंद करा, बांबूने हळूहळू न्या, पक्षी माना वर करून चालू लागले की थांबा,’ एवढे आधी सांगितले तर बहुतेक नावाडी खूश होतात. थव्याने माना उंचावणे ही उडण्याआधीची सूचना असते. तिथे थांबले तर काही मिनिटांत पक्षी पुन्हा चरू लागतात आणि छायाचित्रेही तेव्हाच चांगली मिळतात.

होडी नको असेल तर?

लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असतील, तर निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर अधिक सोयीचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ आहे. तसे ते २०२० मध्ये जाहीर झाले. येथे होडी नाही. पायवाटेने चालायचे, निरीक्षण मनोऱ्यावर चढायचे आणि दुर्बीण लावून बसायचे. गाळाची बेटे आणि पाणवनस्पती यांमुळे जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी आणि बदके जवळून दिसतात. पाण्याचा हिशेब इथेही सुटत नाही. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडले की ते येथूनच पुढे जाते आणि दरवाजे उघडल्यावर पातळी बदलते. अशा बातम्या चालू असतील तर वनविभागाकडे चौकशी करूनच निघावे.

मुंबईकरांसाठी ठाणे खाडी जवळची. तिथे धरणाच्या जागी भरती-ओहोटी येते. ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या होड्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, तेव्हा आधी भरतीचे वेळापत्रक, मग नोंदणी. खाडीत लहान रोहित जास्त दिसतात. पनवेलजवळच्या कर्नाळ्यात पाण्याचा प्रश्नच नाही. हरियाळ आणि मोरटाका या पायवाटांवर जंगलातले पक्षी मिळतात, दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात.

भिगवणलाच दुसरा अर्धा दिवस हाताशी असेल तर तो माळरानाला द्यावा. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात पुणे वनविभागाने सफारी सुरू केली असून तिची नोंदणी ऑनलाइन होते. चिंकारा, नशीब असेल तर लांडगा आणि हिवाळ्यात गवतावरून खालून-खालून तरंगत जाणारे भोवत्या ससाणे. वाहन ठरलेल्या रस्त्यावरच ठेवायचे, कारण या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी राहतात.

सोबत काय न्यावे?

दुर्बीण ८×४२ ची पुरे. आठ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. याहून मोठी दुर्बीण होडीत हातात हलते. ‘मर्लिन’ हे मोफत अॅप छायाचित्रावरून किंवा आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवते, पण ते नाव अंतिम समजू नये. निघण्यापूर्वी ‘ई-बर्ड’वर त्या जागेच्या गेल्या आठवड्यातल्या नोंदी चाळाव्यात. कोणी किती रोहित मोजले हे तिथे तारखेसह सापडते आणि नावाड्याच्या उत्तराशी ताडून पाहता येते. कपडे मातकट किंवा हिरवे, टोपी, पिण्याचे पाणी आणि पहाटेच्या होडीसाठी एक जाड स्वेटर. जानेवारीत सकाळी सहाला उजनीवरचा गारठा पुण्याच्या अंदाजाने गेलेल्यांना हमखास चकवतो.