दस्तरखान सर्वांसाठी
रमजानचा रोजा खजूर आणि पाण्याने सोडला जातो. पुढे फळे, उकडलेले चणे, कांदाभजी येतात. म्हणजे इफ्तारची सुरुवात शाकाहारीच असते. तरीही मटणाशिवाय दस्तरखान अपुरा, असा समज घरोघरी आहे. दिवसभराच्या रिकाम्या पोटाला तेलकट मटण जड जाते. सहरीला भाकरी, डाळ, उसळ घेतली तर पोटाला आधार राहतो.

साध्या जेवणात सर्वांना सामावून घेता येते. शेजारचे माळकरी काका येणार असतील, तर त्यांची भाजी आणि पळी वेगळी ठेवावी. कोणाला शेंगदाणा, काजू, दूध चालत नाही, हे आधीच विचारावे. ईदचा शिरखुर्मा नारळाच्या दुधातही होतो. इफ्तारला बोलावलेला माणूस केवळ खजुरावर परत जाऊ नये.