कॉल तुटतो, दोष स्पीडचा नसतो

परदेशातल्या लेकीशी व्हॉट्सॲपवर बोलताना आवाज तुटायला लागला की घरोघरी ठरलेला उपाय: मोठा प्लॅन घ्या. वास्तविक आवाजाचं डिजिटल रूपांतर करणाऱ्या जी.७११ सारख्या खादाड कोडेकलाही सेकंदाला जेमतेम १०० किलोबिट पुरतात.

खरी गोची रांगेची. कुणाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की राउटरच्या बफरमध्ये डेटा तुंबतो आणि आवाजाची चिमुकली पॅकेट्स मागे अडकतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. तेव्हा खोक्यावरच्या अँटेना मोजण्यापेक्षा राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची, म्हणजे ही रांग शिस्तीत ठेवणारी सोय आहे का, ते पाहावं; ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ती फुकट मिळते. तिच्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास बांधायची.

रांगेखेरीज वाय-फायही त्रास देतं: त्याच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनही लुडबुड करतो. कॉलसाठी ५ गिगाहर्ट्झ बरा, पण जाड भिंतींपुढे तो लवकर दमतो.