बसची राखीव वाट आणि धुराचा हिशेब

बस उशिरा येते, खचाखच भरून येते आणि पुढे मोटारींच्या रांगेत अडकते. कंटाळून आपण हप्त्यावर दुचाकी घेतो. दोष घेणाऱ्याचा नाही. पण घरोघरी दुचाकी आली की रस्ता आणखी तुंबतो, बस आणखी रखडते आणि धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. हे चक्र तोडता येते का? कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे हा प्रयत्न झाला.

तेथे चालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येवर ठरत असे. त्यामुळे प्रवासी मिळवण्यासाठी बसगाड्या भर रस्त्यात शर्यत लावत. महापौर एनरिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर 2000 मध्ये, ‘ट्रान्समिलेनियो’ सेवा सुरू झाली. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने 1974 पासून चालवलेला नमुना समोर होताच. रस्त्याच्या मध्यभागी केवळ बससाठी मार्गिका, तिकीट स्थानकातच, फलाट बसच्या दाराच्या उंचीचा आणि सुमारे 160 प्रवाशांची लांब जोडबस. नव्या बस आणणाऱ्यांना जुन्या बस भंगारात काढाव्या लागल्या.

क्योटो करारानुसार विकसनशील देशात एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला, तर एक क्रेडिट मिळे. श्रीमंत देश ते विकत घेऊन आपल्या उद्दिष्टात धरत. 2006 मध्ये ट्रान्समिलेनियोची या योजनेत नोंद झाली.

पण न निघालेला धूर मोजायचा कसा? त्यासाठी प्रवाशांनाच विचारले जाई : ही बस नसती, तर तुम्ही कशाने आला असता? टॅक्सीने किंवा मोटारीने येणारा बसमध्ये आला, तर बचत मोठी. पायी येणारा बसमध्ये बसला, तर बचत शून्य. म्हणजे नुसत्या बस वाढवून भागत नाही. गाडीवाल्याने गाडी घरी ठेवावी लागते.

या पैशाची मर्यादाही ध्यानात घेऊ. मार्ग बांधले गेले ते मुख्यतः पेट्रोलवरील अधिभारातून आणि सरकारी निधीतून. क्रेडिटची रक्कम त्यापुढे थोडी होती. पुढे 2012 च्या सुमारास क्रेडिटचे भावही कोसळले. बोगोटाचे प्रवासी आज गर्दीने त्रासलेले आहेत, हेही खरे.

आपल्या पुण्यातही 2006 मध्येच स्वारगेट, कात्रज, हडपसर मार्गावर असा प्रयोग सुरू झाला. पण राखीव मार्गिकेत इतर वाहने घुसली आणि पुढे शहरात काही ठिकाणी मार्गिकाच उखडल्या गेल्या. मार्गिका राखली नाही, तर बस पुन्हा त्याच रांगेत उभी राहते. मग मोजायला बचत उरत नाही आणि क्रेडिट तरी कशाचे मागायचे?

म्हणून दोन गोष्टी आपल्याही हातात आहेत. बसच्या मार्गिकेत आपली दुचाकी घालायची नाही. आणि मत मागायला दारी आलेल्या उमेदवाराला उड्डाणपुलाआधी विचारायचे : आमची बस वेळेवर केव्हा येणार?