वायफाय आहे, पण सातबारा नाही!

परवा दौंडहून वन्संचा फोन. "वहिनी, पीककर्जाला उद्याच उतारा हवाय नि डिजिटल सातबाऱ्याची साइटच उघडेना. बाकी सगळं चालतंय हो!"

मी शिरूरहून म्हटलं, "वायफाय बंद करा, मोबाइलच्या डेटावर बघा." लगेच उघडली! उतारा तिथूनच काढला. म्हणजे साइट ठीक होती, खोट घरच्या जोडणीत. साइटचं नाव आकडी पत्त्यात बदलून देणारी यंत्रणा असते, डीएनएस. ती अडखळली की काही साइट्स उघडतात, काही नाहीत. राउटर बंद-चालू केला, ढिम्म! मग भाच्याने सेटिंगमध्ये गूगलचा, २००९ पासूनचा, ८.८.८.८ हा डीएनएस घातला आणि गाडी सुरू. कनेक्शनवाल्याने मात्र "कॉम्प्युटरच बदला" सांगितलं होतं!