फोनवरील किराणा आणि घरखर्चाची वही

शेतकऱ्याच्या घरांत पैसा येतो तो हंगामानें, आणि जातो तो रोज. चिकूच्या वाडीचा माल बहुतेक वर्षभर निघत असला तरी त्याचा भाव कधीं चढता तर कधीं उतरता. भातखाचरें करणाऱ्याच्या हातीं तर दिवाळीच्या सुमारासच काय ती एकरकमी प्राप्ति होते. मीठ, तेल, डाळ, साखर, चहा व साबण यांस मात्र हंगाम ठाऊक नाहीं. यास्तव पीक वाढविण्याचे उपाय या मासिकांत जसे सांगितले जातात, तसाच घरखर्च आटोक्यांत ठेवण्याचा विचारही येथें होणें अवश्य आहे.

डहाणू व तलासरी तालुक्यांत आतां बहुतेक घरीं फोन पोंचला आहे, आणि नवी पिढी कपड्यांप्रमाणें किराणाही फोनवरून मागवूं लागली आहे. बिगबास्केटसारखीं किराण्याचीं ऑनलाईन दुकानें २०११ च्या सुमारास बंगळूरसारख्या मोठ्या शहरांत निघालीं. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर ही रीत लहान गांवांतूनही पसरली. "तेथें सर्व कांहीं स्वस्त मिळतें," असें मुलें म्हणतात. "तो सारा भुलभुलैया आहे," असें वडीलधारे म्हणतात. यांत खरें काय?

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. जें वहींत मांडलेलें नाहीं त्यावर विश्वास ठेवण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून आम्हीं सहा महिने घरच्या किराण्याची वही ठेविली. एका रकान्यांत गांवच्या वाण्याचा भाव, दुसऱ्यांत आठवड्याच्या बाजाराचा, आणि तिसऱ्यांत फोनवरील. त्या वहीचा निष्कर्ष प्रथमच सांगून टाकतों. बचत होते; परंतु ती फोन करीत नाहीं, हिशेब करतो. हिशेबाविना फोनवरून घेतलेला माल दुकानापेक्षां महागही पडतो.

भाव वजनावर पाहावा.— पहिल्याच महिन्यांत आम्ही चुकलों. सोयाबीन तेलाची पिशवी वाण्याकडे १५० रुपयांस होती. फोनवर ती १४४ रुपयांस दिसली. सहा रुपये वांचले म्हणून चार पिशव्या मागविल्या. घरीं आल्यावर चष्मा लावून पाहतों तों वजन ८५० ग्रॅम! एक लिटर सोयाबीन तेल सुमारें ९१० ग्रॅम भरतें, व वाण्याची पिशवी तेवढ्या वजनाची होती. म्हणजे १०० ग्रॅम तेल वाण्याकडे १६ रुपये ४८ पैशांस, तर फोनवर १६ रुपये ९४ पैशांस पडलें. दुकानदारानें कांहीं लपविलें नव्हतें. वजन पिशवीवर छापलेलें होतें व फोनवरही लिहिलेलें होतें. आम्हींच तें वाचलें नव्हतें. बांधीव मालाच्या नियमांप्रमाणें आतां पाकिटावर कमाल किंमतीबरोबर दर ग्रॅमचा अथवा दर किलोचा भावही छापलेला असतो. दोन दुकानांची तुलना करावयाची ती याच आंकड्यानें करावी.

सुटा माल व बांधीव माल.— १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव व छापील खूण लावलेल्या धान्यावर, डाळीवर व पिठावर ५ टक्के कर बसला. सुट्या मालावर तो नाहीं. फोनवर येणारा माल बहुधा बांधीवच असतो. तेव्हां वाण्याकडील सुटी डाळ स्वच्छ असेल, आणि त्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असेल, तर ती फोनवरील डाळीपेक्षां स्वस्त मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. आमच्या वहींत डाळ व तांदूळ यांचा रकाना बहुतेक वेळां वाण्याच्या अथवा बाजाराच्याच बाजूनें पडला. चहा, साबण, कपडे धुण्याची पूड आणि डब्याचें तेल हीं मात्र फोनवर अनेक वेळां स्वस्त आढळलीं. भाजी व मिरची फोनवरून मागविण्याचें कारण वाणगांव-बोर्डीच्या शेतकऱ्यास मुळींच नसावें. तसेंच ज्यांच्या शिधापत्रिकेवर धान्य मिळतें त्यांनीं तें आधीं उचलावें. १ जानेवारी २०२३ पासून अंत्योदय कुटुंबास ३५ किलो व प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो धान्य विनामूल्य मिळूं लागलें. फुकटापेक्षां स्वस्त दुकान जगांत नाहीं.

वरखर्च मोजावा.— वस्तूचा भाव एक, आणि शेवटीं द्यावयाची रक्कम दुसरी. पोंचविण्याचें शुल्क, हाताळणीचें शुल्क, अशा रकमा अखेरच्या पानावर एकामागून एक उगवतात. समजा, ४०० रुपयांच्या मालांत ३० रुपये वांचले व पोंचविण्याचे ४० रुपये पडले. तर दहा रुपयांचें नुकसानच झालें. दुसऱ्या बाजूस, केवळ किराण्यासाठीं डहाणूस रिक्षानें जावें लागत असेल तर तें भाडेंही वाण्याच्या रकान्यांत मांडलें पाहिजे. चिकू घेऊन जावयाचेंच असेल तर मांडूं नये. न मागितलेली वस्तु टोपलींत सरकविणें, किंमत थेंबाथेंबानें वाढविणें, "दोनच नग उरले, त्वरा करा" अशी खोटी घाई लावणें, अशा तेरा फसव्या प्रकारांस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीं मनाई केली आहे. तरीही पैसे देण्यापूर्वीं यादी व बेरीज स्वतः ताडून पाहावी. यादी आधीं कागदावर लिहावी, मग फोन हातीं घ्यावा. आमच्या वहींतील सर्वांत मोठा तोटा महाग मालाचा नसून, स्वस्त दिसला म्हणून घेतलेल्या निरुपयोगी मालाचा होता.

उधारीचें खरें मोल.— हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. गांवचा वाणी पावसाळ्यांत उधार देतो, म्हणून अनेक घरें आषाढ-श्रावण काढतात. हा त्याचा उपकार नाकारतां येत नाहीं. परंतु उधारीस मोल असतें. रोखीनें १००० रुपयांस मिळणारा माल वहींत ११०० रुपयांस लिहिला गेला, आणि पांच महिन्यांनीं भात विकून ती रक्कम फेडली, तर तें पांच महिन्यांचें १० टक्के, म्हणजे वर्षाचें २४ टक्के व्याज झालें. फोनवरील कोणतीही सवलत एवढी मोठी क्वचितच असते. म्हणून पहिली बचत दुकान बदलण्यांत नाहीं, रोखीनें घेण्यांत आहे. रोख रक्कम हातीं असली म्हणजे वाणीही भाव कमी करतो, असा आमचा अनुभव आहे. फोनवर "आतां घ्या, मागाहून द्या" अशी सोय दाखवितात, तेंही कर्जच होय. हप्ता चुकला कीं दंड बसतो. पावसाळ्यासाठीं रक्कम काढणें अटळच असेल, तर किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेंत पीककर्जाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या कामांसाठीं व घरखर्चासाठीं धरलेली असते, तिची चौकशी बँकेंत करावी. तेथें व्याजाचा दर निदान कागदावर लिहिलेला असतो.

या दोन तालुक्यांस उधारीचा धडा नवा नाहीं. लग्नासाठीं वा पोटासाठीं काढलेल्या कर्जापायीं येथील कितीएक वारली कुटुंबें सावकार-जमीनदारांच्या वेठीस जुंपली गेलीं, आणि १९४५ सालीं तलासरी तालुक्यांतील झरी येथें सभा भरून त्याविरुद्ध लढा उभा राहिला. आजची स्थिति तशी नाहीं. पण ज्याचा हिशेब आपल्या वहींत नाहीं तें देणें वाढतें, हा नियम तोच आहे.

मिळून मागवावें.— इंग्लंडांत रॉचडेल येथें १८४४ सालीं कांहीं गरीब कामगारांनीं थोडें थोडें भांडवल जमवून पीठ, लोणी, साखर असा माल विकणारें स्वतःचें दुकान काढलें. चोख वजन व रोखीचा व्यवहार हे त्यांचे नियम, आणि सहकारी चळवळीचा पाया तेथेंच घातला गेला असें मानतात. आपणांस दुकानही काढावयास नको. एका पाड्यावरील पांच घरांनीं महिन्यांतून एकदां एकच यादी केली, तर वरील ४० रुपयांचें शुल्क घरटीं ८ रुपये पडतें, व ३० रुपयांच्या बचतींतून २२ रुपये खरोखर हातीं राहतात. मोठे डबे घेऊन वांटून घेतां येतात. हीच यादी घेऊन घाऊक व्यापाऱ्याकडे गेलें तर तोही भाव उतरवितो. प्रथम आपल्या पिनकोडावर माल येतो कीं नाहीं तें पाहावें; डहाणू रोडचा ४०१६०२ व तलासरीचा ४०१६०६ आहे. स्टेशनाजवळ येणारा माल डोंगराकडील पाड्यावर येईलच असें नाहीं. तेव्हां रस्त्यालगतच्या एका घराचा पत्ता सर्वांनीं ठरवावा.

पावती व तक्रार.— माल आल्यावर यादी, वजन व मुदतीची तारीख त्याच दिवशीं तपासावी, आणि खराब मालाचें छायाचित्र लगेच काढून ठेवावें. ई-वाणिज्याच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणें दुकानाच्या तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत तक्रारीची पोंच द्यावयाची व एका महिन्यांत निवारण करावयाचें असतें. तसें न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक सेवेचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे परत देण्याच्या मिषानें कोणी गुप्त क्रमांक विचारल्यास सांगूं नये. पैसे घेण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं. फसगत झाल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं गांवच्या वाण्याविषयीं दोन शब्द. रात्रीं-अपरात्रीं घरीं पाहुणा आला, अथवा पावसांत वाट बंद होऊन फोनही मुका झाला, तर त्याचेंच दार आपण ठोठावतों. म्हणून सर्व व्यवहार त्याच्याकडून काढून घेण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. त्यास आपली वही मोकळेपणानें दाखवावी; अमुक वस्तु अमुक भावानें मिळते, तूं किती भावानें देशील, असें रोखीनें विचारावें. आमच्या वाण्यानें तीन वस्तूंचा भाव असाच उतरविला, व त्या आम्ही आतां त्याच्याकडूनच घेतों.

तरी वाचकांनीं या महिन्यापासून चार रकान्यांची एक वही घालावी: वस्तु व वजन, वाण्याचा भाव, बाजाराचा भाव, फोनवरील सर्व खर्चासह भाव. तीन महिन्यांत आपल्या घरची बचत कोठें आहे तें ती वहीच सांगेल.