वसतिगृहातील खोलीची मांडणी

वसतिगृहातील खोलीची मांडणी म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राहण्यासाठी मिळालेली खोली झोप, अभ्यास, सामान व विश्रांती या चारही गरजांसाठी वापरता यावी, अशी केलेली व्यवस्था होय. अशी खोली बहुधा दोन, तीन किंवा अधिक विद्यार्थ्यांमध्ये सामायिक असते. घरात निरनिराळ्या जागी भागणाऱ्या गरजा येथे एका कॉटभोवती भागवाव्या लागतात. त्यामुळे खोलीतील सोय ही वस्तूंच्या संख्येपेक्षा जागा, वेळ आणि वीज यांच्या वाटणीवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात वसतिगृहाला पूर्वीपासून 'बोर्डिंग' असेही म्हटले जाते. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर तेथे निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी इतर वसतिगृहेही स्थापन झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातींची मुले एकत्र राहत व रोजची कामे स्वतः करीत. सामायिक निवास हा शिक्षणाचाच भाग आहे, अशी या प्रयोगामागची भूमिका होती.

मोठ्या शहरांत वसतिगृहातील जागा अपुऱ्या पडतात. पुण्यात अनेक विद्यार्थी 'कॉट बेसिस'वर, म्हणजे खोलीतील एका कॉटपुरते भाडे भरून राहतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास व भोजनाच्या खर्चासाठी राज्य शासनाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून अर्थसाहाय्य दिले जाते. पुढील बाबी वसतिगृहाप्रमाणेच अशा भाड्याच्या खोल्यांनाही लागू पडतात.

झोपण्याची जागा

एका व्यक्तीची कॉट साधारणतः सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते. तिच्याखालची मोकळी जागा हीच सामानाची मुख्य जागा ठरते. तेथे ट्रंक किंवा बॅग ठेवल्यास चालण्याची वाट मोकळी राहते. कॉट भिंतीपासून थोडी दूर ठेवल्यास पावसाळ्यातील ओल गादीला लागत नाही. जुन्या गादीत व कॉटच्या सांध्यांत ढेकूण लपतात. म्हणून सामान लावण्यापूर्वीच हे भाग तपासणे सोयीचे असते. ढेकणांचा प्रादुर्भाव एकाच कॉटपुरता राहत नसल्याने औषधफवारणी संपूर्ण खोलीत करावी लागते.

मच्छरदाणीसाठी खिळे ठोकण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. अशा वेळी कॉटच्या चार पायांना काठ्या बांधून ती लावतात. डेंग्यूचा प्रसार करणारे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात व मुख्यतः दिवसा चावतात. त्यामुळे बादली व कूलर आठवड्यातून किमान एकदा रिकामे करून घासून कोरडे करणे आवश्यक असते. विदर्भासारख्या कोरड्या व उष्ण भागात कूलर उपयुक्त ठरतो. मात्र हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी नसल्यास खोलीत दमटपणा वाढतो.

अभ्यासाची जागा

टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर व खुर्चीच्या बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असल्यास बहुतेक प्रौढांना लिहिणे सोयीचे होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास प्रकाश डावीकडून मिळाल्यास हाताची सावली कागदावर पडत नाही. टेबलावरचा लहान दिवा येथे दुहेरी कामाचा असतो. तो असल्यास एकाच्या रात्रीच्या अभ्यासासाठी खोलीतील मोठा दिवा लावावा लागत नाही आणि दुसऱ्याची झोपमोड टळते. कॉटवर बसून अभ्यास करण्याची सवय अनेकांना असते. परंतु टेबल मिळाले असल्यास झोपेची व अभ्यासाची जागा वेगळी राखता येते.

विजेची सुरक्षितता

वसतिगृहांतील नियमावलीत हिटर, इस्त्री व विजेची शेगडी यांवर बहुधा बंदी असते. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असून लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणजे त्यावर सुमारे १,३८० वॅटपर्यंतचाच भार घेता येतो. पाणी तापवण्याची १,५०० वॅटची रॉड साडेसहा अँपिअर वीज घेते. त्याच एक्स्टेंशन बोर्डावर इतर उपकरणे जोडल्यास भार आणखी वाढून वायर तापते व आग लागू शकते. रॉड बादलीत असताना पाण्यात हात घातल्यास विजेचा धक्का बसून मृत्यूही ओढवू शकतो. मोबाइल व लॅपटॉप यांचा भार तुलनेने अल्प असतो. मात्र ते उशीखाली किंवा गादीवर चार्ज केल्यास उष्णता कोंडते.

सामान व ओल

महाराष्ट्रात महाविद्यालयीन वर्षाची सुरुवात बहुधा पावसाळ्यात होते. त्यामुळे पहिल्या महिन्यांत कपडे वाळवणे हीच मोठी अडचण असते. ओले कपडे खोलीतच वाळवावे लागल्यास दोरी पंख्याच्या झोतात, पण कॉट व विजेच्या बोर्डापासून दूर बांधली जाते. पुस्तके भिंतीला न टेकवता ठेवल्यास बुरशीचा धोका कमी होतो. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुलूपबंद ट्रंकेत ठेवल्या जातात.

सहनिवासाचे संकेत

कॉट, कपाट व खिडकीजवळची जागा कोणी घ्यायची, दिवे केव्हा मालवायचे, झाडलोट कोणी करायची आणि पाहुणे केव्हा यावेत, हे आरंभीच ठरल्यास पुढील वाद कमी होतात. वरिष्ठतेच्या जोरावर नवागताला जागा सोडायला लावणे किंवा त्याच्याकडून कामे करून घेणे हा रॅगिंगचा प्रकार ठरू शकतो. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने रॅगिंगवर बंदी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना शक्यतो वसतिगृहाच्या स्वतंत्र भागात ठेवणे अपेक्षित आहे. खोली एकाच वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिलेली असली, तरी प्रत्येकाची कॉट, टेबल व कपाट यांवरील हक्क समान मानणे हा सहनिवासाचा पाया समजला जातो.