जुन्या मोटारीचा आडवा दांडा

पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, भूगाव-भुकूम मागे टाकले आणि पिरंगुटच्या घाटात शिरलो, की वळणावर मोटार एका अंगाला कलते. रस्ता डावीकडे वळला की गाडीचे अंग उजवीकडे झुकते, मागे ठेवलेली भाजीची पाटी सरकते, आणि बसलेला माणूस नकळत दाराची कडी धरतो. एवढे कलणे चालायचेच. पण गाडी जुनी असेल, कलणे वाढले असेल आणि एक चाक खड्ड्यात गेले की पुढच्या बाजूला ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर मालक काय म्हणतो? “जुनी झाली आता, वाजायचीच!” आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून काच वर करतो. तो आवाज बहुतेक वेळा कुठून येतो आणि तिथे काय बदलावे लागते, हे आज पाहू.

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, खालच्या अंगाला, पोलादाचा एक वाकवलेला आडवा दांडा असतो. गॅरेजात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. आपण दांडाच म्हणू. त्याचा मधला भाग रबरी बुशात धरून, वरून लोखंडी क्लॅम्प लावून गाडीच्या अंगाशी जखडलेला असतो, आणि दोन टोके दोन चाकांकडच्या भागांना जोडलेली असतात. ही युक्ती तशी जुनीच. कॅनडातल्या स्टीफन कोलमन नावाच्या गृहस्थाला तिचे पेटंट १९१९ साली मिळाले. सगळ्याच गाड्यांना असा दांडा असतो असे नाही, पण आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींना तो आहे.

त्याचे काम समजायला गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. सायकलचा एक जुना स्पोक घ्या. त्याची दोन्ही टोके बोटभर लांबीची, एकाच दिशेला काटकोनात वाकवा. मधला सरळ भाग लाकडी फळीवर दोन यू-खिळ्यांनी असा बसवा, की स्पोक त्यांत नुसता फिरू शकेल. आता दोन्ही टोके एकदम वर उचला. स्पोक खिळ्यांत गर्रकन फिरतो, जोर लागत नाही. मग एक टोक मुलाला घट्ट धरायला सांगा आणि दुसरेच उचला. स्पोकच्या मधल्या भागाला पीळ बसतो आणि तो तुमचे बोट खाली ढकलतो. मोटारीत नेमके हेच घडते. गतिरोधकावर दोन्ही चाके बरोबर चढली तर दांडा मध्ये पडत नाही. वळणावर मात्र एका बाजूची स्प्रिंग दबते आणि दुसरीची सुटते. दांड्याला पीळ पडतो, आणि तो पीळ गाडीला फार कलू देत नाही.

आता तेच खिळे थोडे सैल करून पाहा. टोक आधी थोडे फुकटच वर येते, मग पीळ लागू होतो. ते फुकटचे अंतर म्हणजे झिजलेला बुश. त्या अंतरात दांडा आपटतो, आणि आपल्याला ‘ठक्’ ऐकू येते. गाडी सरळ गतिरोधकावर गप्प राहत असेल आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर वाजत असेल, तर पहिला संशय या दांड्याच्या बुशांवर आणि नट-बोल्टांवर घ्यावा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्च त्यानंतर.

मुळशीकडे हे रबर लवकर हार खाते, आणि त्यात नवल नाही. पावसाळाभर खाली चिखल, त्या चिखलात बारीक खडी. ती बुश आणि दांडा यांच्यामध्ये शिरली की कानशीसारखी घासत राहते. रबरही झिजते आणि पोलादही. त्यातच काही जण आवाज बंद करायला बुशावर जळके ऑइल सोडतात. आठ दिवस आवाज जातो खरा, पण साध्या रबराला खनिज तेल सोसत नाही. रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी भाकरीच्या ओल्या तुकड्यासारखे हातात येते. बसवताना ओल लागतच असेल तर साबणाचे पाणी पुरे.

आता मारुती ८००बद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. खेडोपाडी ती अजून दिसते. इतर पुष्कळ गाड्यांत दांडा तुटला तर गाडी जास्त कलेल, पण चाक जागेवर राहील. ८००मध्ये तसे नाही. तिच्या पुढच्या चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच ठिकाणी अडकवलेला असतो. तो मागेपुढे हलू नये, ही जबाबदारी या दांड्याचीच. दांड्याचे टोक आर्ममधल्या बुशातून जाते आणि मागून नटाने आवळलेले असते. म्हणजे ब्रेक मारल्यावर मागे जाऊ पाहणाऱ्या चाकाला जो अडवतो, तो हाच दांडा. तिथला बुश गेला की ब्रेक मारताना ‘ठक्’ होते, स्टेअरिंग एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात. आणि नटच निसटला तर चाक मागे सरकून चाकाच्या कमानीला घासू शकते. घाटाच्या उतारावर हे झाले तर काय, ते मी लिहायला नको. म्हणून “दांडा काढून ठेवू, पार्ट मिळाला की बसवू” असे कोणी म्हणाले, तर ८००च्या मालकाने गाडी तिथेच उभी ठेवावी. दांड्यावाचून ती गल्लीतसुद्धा चालवू नये.

पण झिजलेल्या भागापेक्षा जास्त घोटाळा बेजोड भागांनी होतो. गाडी जुनी झाली की एका गाडीचे सामान दुसरीला लागते. डावा बुश कंपनीचा, उजवा बाजारातला. एक काळा रबरी, दुसरा लाल किंवा पिवळा कडक. दोन्ही बाजूंचा कडकपणा सारखा नसला की गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरे. ज्या गाड्यांत दांड्याचे टोक आणि आर्म यांच्यामध्ये लहान जोडदांडी, म्हणजे लिंक असते, तिथे एक लिंक आखूड आणि एक लांब बसवलेली असू शकते. मघाच्या स्पोकच्या एका टोकाखाली लाकडाची चकती सरकवा आणि दुसरे टोक फळीला दाबून धरा. गाडी उभी असतानाच दांड्याला पीळ बसलेला राहतो. असे झाले की सपाट जागेवरही गाडी एका खांद्याने वाकलेली दिसते. म्हणून एकच बाजू गेली असली तरी बुश आणि लिंक दोन्ही बाजूंचे, एकाच मापाचे, एकाच वेळी बदलावे.

बुश घेताना नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण दांडाही पूर्वी कधी बदललेला असू शकतो. दांड्याची जाडी मोजून घ्यावी. व्हर्निअर नसेल तर कागदाची अरुंद पट्टी दांड्याभोवती गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे टाचणीने टोचा, आणि दोन भोकांमधले अंतर मोजून ३.१४ने भागा. ६९ मिलिमीटर आले तर दांडा २२ मिलिमीटरचा. परिघात एक मिलिमीटर चुकलात तरी जाडीत एक तृतीयांशच चुकते. भूमितीच्या तासाला याहून चांगले उदाहरण नाही. हे माप दोन ठिकाणी घ्यावे: बुशाच्या जागी आणि तिच्या शेजारी, गंज खरवडून. बुशाच्या जागी दांडा झिजून बारीक झाला असेल तर नवा बुशही तिथे सैलच बसणार. पत्र्याची पट्टी किंवा ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो घट्ट करण्याची पद्धत आहे; ती महिनाभराची. दांडाच बदलावा. तुटलेल्या दांड्याला वेल्डिंग मात्र कधीही करू नये. हे स्प्रिंगचे पोलाद. आच लागली की त्याचा गुण गेला.

जाड दांडा टाकला तर गाडी कमी कलेल ना, असे तरुण मंडळी विचारतात. कमी कलेल, पण हिशेब पाहा. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२चा दांडा म्हणजे जाडी एक दशांशाने वाढली, पण विरोध जवळजवळ दीडपट झाला. तो सगळा भार त्याच जुन्या क्लॅम्पवर आणि बोल्टांवर येतो. शिवाय पुढच्या चाकांची पकड वळणावर आधी सुटते आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरळ जाऊ पाहते. कंपनीने दिलेले मापच ठेवावे.

बोल्टांची गोष्ट तर आणखी मजेची. आपल्याकडे अजून सुताची भाषा चालते. ‘तीन सूत’ म्हणजे तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. दहा मिलिमीटरचा बोल्ट हरवला की डब्यातून तीन सुती निघतो. डोळ्याला फरक कळत नाही. काही आटे तर इतके जवळचे असतात, की नट हाताने फिरतही जातो. पण आटे अर्धवटच धरतात, पाना लावला की घसरतात, किंवा आज बसून महिन्याने सुटतात. पूर्वीच्या जीपगाड्या इंची आट्यांच्या आणि मारुती मिलिमीटरची. एकाच गॅरेजात दोन्ही डबे शेजारी असतात, तिथे ही चूक होते. नवा बोल्ट जुन्याशी आट्यात आटा लावून, उजेडाकडे धरून पाहावा. मध्ये फट दिसता कामा नये. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा ताकदीचा आकडा असतो, तोही पाहावा. नायलॉनचे कडे असलेला नट एकदा काढला की परत वापरू नये.

काम करताना जागा सपाट आणि पक्की हवी. मुरमाड जमिनीत जॅक रुततो. खाली फळी द्यावी. मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि पुढची दोन्ही बाजू सारखी उचलून घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालू नये. एकच बाजू उचललीत तर दांडा पिळलेला राहतो आणि नट सुटताच टोक उसळते. त्यात बोटे गेलेली आहेत. सोडण्यापूर्वी बुशाची चीर कोणत्या तोंडाला आहे आणि वाटीसारखे वायसर कसे बसले आहेत, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. नवा बुश बसवताना दांडा दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आला आहे ना, ते पट्टीने पाहावे. नट आधी हातानेच लावावेत. मग गाडी चाकांवर उतरवून, एकदोनदा दाबून सोडून, शेवटची आवळणी तेव्हा करावी. चाके लोंबकळत असताना आवळलेले रबर गाडी खाली येताच पिळले जाते आणि लवकर फाटते. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क रेंच असलेल्या गॅरेजातच हे करून घेतलेले बरे. ८००मध्ये यानंतर चाकांचे अलाइनमेंटही तपासून घ्यावे.

पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करून घेताना तपासणी होते. हे काम त्याआधी उरकावे. आणि दांडा बसवल्यावर शंभर-दोनशे किलोमीटर झाले, की सकाळी गाडी थंड असताना खाली वाकून एकदा पाहावे. ८००च्या दांड्याच्या टोकावरचा नट किल्ल्याच्या चर्येसारखा खाचांचा असतो. त्या खाचेतून स्प्लिट पिन आरपार गेली आहे आणि तिचे दोन्ही पाय वाकवलेले आहेत, हे बोटाने चाचपून घ्यावे.